चार्टर शाळा : स्वायत्तता कोणाची, देखरेख कोणाची?

सरकारी निधीवर चालणारी, विद्यार्थ्यांकडून शुल्क न घेणारी, परंतु जिल्हा शिक्षण मंडळाच्या थेट कारभाराबाहेर असलेली शाळा, अशी अमेरिकेतील ‘चार्टर’ शाळेची ढोबळ व्याख्या करता येईल. ‘चार्टर’ म्हणजे करारनामा. स्वतंत्र संस्था ठरावीक मुदतीसाठी शाळा चालवण्याची जबाबदारी स्वीकारते. शिक्षकांची निवड, अभ्यासक्रम, वेळापत्रक आणि खर्च यांबाबत तिला मोकळीक मिळते. त्या बदल्यात निकाल दाखवावे लागतात. ते न दाखवल्यास कराराचे नूतनीकरण नाकारता येते. महाराष्ट्रातील अनुदानित खासगी शाळांशी वरवर साम्य दिसत असले, तरी मुदतबंद करार हा या व्यवस्थेचा कणा आहे.

यासंबंधीचा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने 1991 मध्ये केला आणि पुढच्याच वर्षी सेंट पॉल शहरात देशातील पहिली चार्टर शाळा सुरू झाली. मात्र या कल्पनेची सर्वांत मोठी कसोटी लागली ती लुईझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहरात.

वादळाआधी आणि वादळानंतर

ऑगस्ट 2005 मध्ये कॅटरिना चक्रीवादळाने हे शहर उद्ध्वस्त केले. तेथील सार्वजनिक शाळांची अवस्था त्यापूर्वीच बिकट होती. निकाल राज्यात तळाशी होते आणि आर्थिक गैरव्यवहारांची चौकशी केंद्रीय तपास यंत्रणा करत होती. अपयशी शाळा ताब्यात घेण्यासाठी राज्याने 2003 मध्येच ‘रिकव्हरी स्कूल डिस्ट्रिक्ट’ ही यंत्रणा उभारली होती. वादळानंतर नोव्हेंबर 2005 मध्ये विधिमंडळाने निकष बदलले आणि शहरातील शंभरहून अधिक शाळा या यंत्रणेकडे गेल्या. पुढे त्या टप्प्याटप्प्याने चार्टर संस्थांना देण्यात आल्या. 2014 मध्ये या यंत्रणेने थेट चालवलेल्या अखेरच्या शाळाही बंद झाल्या.

या बदलाची किंमत मोठी होती. सात हजारांहून अधिक शिक्षक व कर्मचाऱ्यांना नोकरी गमवावी लागली. त्यांत कृष्णवर्णीय मध्यमवर्गातील अनुभवी शिक्षकांची संख्या लक्षणीय होती. त्यांची न्यायालयीन लढाई 2014 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात अपयशी ठरली. दुसरीकडे, ट्युलेन विद्यापीठातील संशोधकांना विद्यार्थ्यांच्या चाचणी निकालांत भरीव सुधारणा आढळली. या व्यवस्थेचे समर्थक आणि टीकाकार आजही याच दोन बाजूंवर बोट ठेवतात.

देखरेखीतील फट

शाळा चालवणाऱ्या अनेक संस्था आणि प्रत्येकीचे स्वतंत्र संचालक मंडळ, अशा रचनेत सर्व मुलांची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न लवकरच पुढे आला. विशेष गरजा असलेल्या मुलांना प्रवेश व सेवा नाकारल्या जात असल्याचा आरोप करणारा दावा 2010 मध्ये दाखल झाला. न्यायालयाच्या संमतीने 2015 मध्ये तडजोड झाली आणि स्वतंत्र निरीक्षक नेमण्यात आले. प्रवेशासाठी 2012 पासून एकच सामाईक अर्जपद्धती लागू करण्यात आली.

पुढे 2016 च्या कायद्यानुसार, 1 जुलै 2018 रोजी या शाळा पुन्हा स्थानिक निर्वाचित मंडळाच्या अधिकारकक्षेत आल्या. दैनंदिन कारभाराची स्वायत्तता मात्र संस्थांकडेच राहिली. करार नूतनीकरणाबाबत अधीक्षकांची शिफारस फेटाळायची असल्यास मंडळाचे दोन तृतीयांश बहुमत आवश्यक ठरवण्यात आले. राजकीय दबावाखाली कमकुवत शाळांना अभय मिळू नये, हा त्यामागचा हेतू होता.

या नव्या रचनेची परीक्षा लगेचच झाली. जॉन एफ. केनेडी हायस्कूलमध्ये गुणांत फेरफार झाल्याचा आरोप 2019 च्या सुरुवातीला एका कर्मचाऱ्याने केला. त्यानंतरच्या पडताळणीत, मे महिन्यात पदवीदान सोहळ्यात सहभागी झालेल्या 177 विद्यार्थ्यांपैकी 87 जण पदवीस पात्रच नसल्याचे निष्पन्न झाले. आवश्यक विषय पूर्ण झालेले नव्हते आणि नोंदी सदोष होत्या. शाळेच्या चुकीमुळे विद्यार्थ्यांचे महाविद्यालयीन प्रवेश धोक्यात आले. अनेकांना उन्हाळी वर्गांत बसावे लागले. संबंधित संस्थेने अखेर करार परत केला.

या प्रकरणाने एक बाब स्पष्ट केली. वार्षिक निकालांवर आधारित देखरेख ही निकालांच्या नोंदी खऱ्या आहेत, या गृहीतकावर उभी असते. शाळा स्वतःच नोंदी ठेवत असेल आणि त्याच नोंदींवर तिचे भवितव्य ठरत असेल, तर बाह्य पडताळणी अपरिहार्य ठरते. त्यानंतर शहरातील माध्यमिक शाळांच्या गुणनोंदींची तपासणी अधिक काटेकोर करण्यात आली.

कराराचा शेवट, मुलांचे काय?

शाळेचा करार संपवणे हे देखरेख करणाऱ्यांच्या हातातील अंतिम शस्त्र असले, तरी त्याचा फटका प्रथम विद्यार्थ्यांनाच बसतो. त्यांना नवी शाळा, नवे शिक्षक आणि अनेकदा लांबचा प्रवास स्वीकारावा लागतो. कदाचित याच जाणिवेतून, 2024 मध्ये एका चार्टर शाळेचा करार संपल्यानंतर शिक्षण मंडळाने ‘लिआ चेस स्कूल’ ही स्वतः चालवलेली शाळा सुरू केली. जवळपास पूर्णपणे चार्टर असलेल्या शहराने उचललेले हे पाऊल आकाराने लहान, पण अर्थपूर्ण आहे. शाळा चालवण्याचे काम कराराने दुसऱ्याकडे देता येते. मुलांप्रती असलेले उत्तरदायित्व मात्र सार्वजनिक यंत्रणेकडेच राहते, हा न्यू ऑर्लिन्सच्या दोन दशकांच्या अनुभवाचा धडा आहे.