जेवण पोटातच का रेंगाळतं?

‘दोन घास खाल्ले की पोट दगडासारखं होतं’, ‘सकाळची पोळी संध्याकाळी वर येते’, असं सांगणारी एखादी बाई आपल्या नात्यागोत्यात असतेच. आपण म्हणतो, ‘ॲसिडिटी असेल, ओवा चाव.’ तक्रार वाढली की ‘खायची नाटकं’ म्हणून मोकळ्या होतो. पण मैत्रिणींनो, कधी कधी जठर खरोखरच वेळेवर रिकामं होत नसतं. हा विकार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतो.

जठर म्हणजे नुसती पिशवी नव्हे. त्याचा वरचा भाग सैल होऊन अन्न सामावून घेतो. खालचा भाग ते घुसळून बारीक करतो आणि आतड्याच्या दारातून थोडं थोडं पुढे ढकलतो. या घुसळण्याला ताल असतो, मिनिटाला साधारण 3 लाटांचा. हा ताल धरणाऱ्या पेशी जठराच्या स्नायूंत जाळ्यासारख्या पसरलेल्या असतात. 1906 चे नोबेल मानकरी, स्पेनचे शास्त्रज्ञ काहाल यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात.

या पेशी कमी झाल्या की ताल बिघडतो. जठर सैल करणारे आणि दार उघडायला लावणारे मज्जातंतू दुबळे झाले की अन्न अडून राहतं. मधुमेहात असं होऊ शकतं. ताल धरणाऱ्या पेशींना जपणाऱ्या काही रक्षक पेशी जठरात असतात. त्या घटल्या की ही झीज वाढते, असं संशोधनात दिसलं आहे. काहींना हा त्रास पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा विषाणूच्या आजारानंतर सुरू होतो. पुष्कळांत कारण सापडतच नाही. वजन उतरवण्याच्या काही नव्या इंजेक्शनांनीही जठर मंदावतं, म्हणून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगावीत.

दुर्बिणीच्या तपासणीत अडथळा दिसला नाही की ‘काही नाही’ असं म्हणून घरी परतू नका. जठर किती वेळात रिकामं होतं, याची वेगळी तपासणी असते. त्यात ठरावीक जेवण देऊन 4 तासांपर्यंत छायाचित्रं घेतात. शेवटी 10 टक्क्यांहून अधिक अन्न उरलं, तर जठर मंद आहे असं समजतात.

घरात मधुमेही असेल तर विशेष जपा. इन्शुलिन घेतलं आणि अन्न जठरातच अडकलं, तर साखर एकदम खाली येऊ शकते. उलट साखर फार वाढली की जठर आणखी मंदावतं. असं वारंवार होत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. डोस मनाने बदलू नका.

आता स्वयंपाकघराकडे वळू. एरवी आपण कोशिंबीर, मोड आलेली कडधान्यं, कोंड्यासकट पोळी खा म्हणतो. इथे मात्र उलट! चोथा जठरात साचून त्याचा गोळा होऊ शकतो. तेव्हा गुरगुट्या भात, मुगाचं पातळ वरण, गाळलेलं सूप, शिजवून घोटलेली भाजी द्यावी. तूप-तेल बेताचं असावं. दोन भरपेट जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं द्यावं. जेवल्यावर लगेच आडवं होऊ नये, शतपावली घालावी.

वजन घटत असेल, उलट्या थांबत नसतील, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. आणि पानात अन्न टाकणाऱ्या सुनेला किंवा सासूबाईंना बोल लावण्याआधी, ‘पोट कधीपासून जड वाटतंय?’ एवढं विचारा.