वजनकाट्याची पन्नास वर्षे

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्राच्या वाट्याला दोन प्रकल्प आले. एक मेळघाटातल्या धारणीचा आणि दुसरा मुंबईतल्या धारावीचा. कोरकू पाड्यांवरचे मूल आणि झोपडपट्टीतले मूल या दोन टोकांवरून सुरू झालेल्या कामाला पन्नास वर्षे होऊन गेली आहेत. आज राज्यात लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत आणि सेविका, मदतनीस, आशा यांचे जाळे जवळपास प्रत्येक वस्तीपर्यंत पोहोचले आहे. या काळाचा हिशेब मांडताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. मुलाच्या बाबतीत शासनाने जे प्रामाणिकपणे मोजले, तेवढ्याचीच काळजी घेतली गेली. आधी मृत्यू मोजले गेले, मग वजन मोजले गेले. मुलाचे मन, त्याचा खेळ, त्याच्या आईची मनःस्थिती यांतले फारसे काही मोजले गेले नाही आणि धोरणातही ते जवळजवळ कोरेच राहिले.

हे कोरेपण सुरुवातीपासूनचे नव्हते, याचे दुःख अधिक आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथली अंगणवाडी मुळात शिकण्याची आणि खेळण्याची जागा होती. मुले शाळेत येत नाहीत, तर शिक्षिकेने त्यांच्या अंगणात जायचे. बिया, पाने, शंख-शिंपले हेच साहित्य. अंघोळ घालणे, नखे कापणे हाही शिक्षणाचाच भाग. त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदत होती, कारण तान्हे भावंड सांभाळणारी मुलगी ते भावंड सोडून शिकायला येणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. सरकारी योजनेने अंगणवाडी हे नाव उचलले आणि सहा सेवांच्या यादीत अनौपचारिक शालेयपूर्व शिक्षणही लिहिले. पण १९७२ च्या दुष्काळातून नुकत्याच बाहेर पडलेल्या राज्यात आहार हा तातडीचा प्रश्न होता. खिचडी शिजली की नाही हे तपासता येते, मूल आज काय नवे शिकले हे तपासायला वेळ लागतो. हळूहळू अंगणवाडी म्हणजे खाऊ मिळण्याची जागा, हीच ओळख पक्की झाली.

मृत्यूंच्या मोजणीची कथा अधिक कठोर आहे. मेळघाटातले बालमृत्यू १९९३ मध्ये वर्तमानपत्रांतून राज्यासमोर आले, मग न्यायालयात याचिका झाल्या आणि आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना आली. त्याच सुमारास गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था गावागावात जन्म आणि मृत्यूची स्वतंत्र नोंद ठेवत होती. गावातल्याच कमी शिकलेल्या स्त्रियांना शिकवून त्यांनी नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत उभी केली. ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेतल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २००१ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. राज्यात दरवर्षी लाखाहून अधिक बालके दगावतात आणि सरकारी दप्तरात त्यांतली थोडीच दिसतात, हे त्यात दाखवून दिले होते. शासनाने हा अहवाल फेटाळून न लावता डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली. मला हा या अर्धशतकातला सर्वांत महत्त्वाचा प्रशासकीय निर्णय वाटतो. कमी दाखवलेल्या आकड्यांवर उपाय होत नाही. ते कमी आहेत हे मान्य केल्यावरच उपायाला सुरुवात होते. नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रातला अर्भक मृत्युदर २००१ मध्ये दर हजारी ४५ होता, २०२० मध्ये तो १६ वर आला. २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याचे काम देशभरातल्या आशांकडे सोपवण्यात आले, त्याचे मूळ गडचिरोलीतच आहे.

वजनाची मोजणी गांभीर्याने सुरू झाली ती २००५ मध्ये, राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाल्यावर. व्ही. रमणी यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या या मिशनने पुढे गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या काळावर लक्ष एकवटले. दोन वर्षांखालील मुलांमधले खुरटलेपण, म्हणजे वयाच्या मानाने कमी उंची, २००५-०६ मध्ये सुमारे ३९ टक्के होते. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात ते २३ टक्क्यांच्या आसपास आढळले. यावर अर्थतज्ज्ञांचा एक आक्षेप नेहमी येतो: त्या वर्षांत राज्याचे उत्पन्न वाढत होते, रस्ते झाले, मुली अधिक शिकल्या, त्याचे श्रेय मिशनला कशाला? आक्षेपात तथ्य आहे, सगळे श्रेय एका कार्यालयाचे नाहीच. पण पुढची वर्षे पाहिली की उत्पन्नवाढीचा युक्तिवाद अपुरा पडतो. पाच वर्षांखालील मुलांमधले खुरटलेपण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत ३४.४ टक्के होते आणि पाचव्या फेरीत ३५.२ टक्के. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुले २००५-०६ मध्ये १६.५ टक्के होती, नंतरच्या दोन्ही फेऱ्यांत ती २५.६ टक्के निघाली. दरम्यान राज्य गरीब झाले नव्हते. या आकड्यांची २०१२ च्या सर्वेक्षणाशी थेट तुलना करता येत नाही, वयोगट वेगळा आहे. तरीही मुले आता जगतात, पण नीट वाढत नाहीत, एवढे त्यातून स्पष्ट होते.

का वाढत नाहीत, याचे उत्तर केवळ ताटात शोधून मिळणार नाही. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात प्रसूत झालेल्या मातांचा विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ सहा आठवड्यांचे असताना जवळजवळ चारातली एक आई नैराश्यात होती आणि अशा मातांची बाळे सहाव्या महिन्यात वजनाने, उंचीने आणि मानसिक विकासानेही मागे होती. कोकणी-मराठी घरांतल्या या निष्कर्षाला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. पण बाळाचे वजन करायला आलेल्या आईला ‘तुला झोप लागते का, रडू येतं का’ असे विचारणे अजून कोणाच्या नेमून दिलेल्या कामात नाही. माता-बाल संरक्षण कार्डावर मूल कधी बसते, कधी बोलते याची चित्रे आहेत. आढावा बैठकीत मात्र चर्चा वजनाची होते. २०१३ मध्ये पालघरहून देशभर सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने जन्मजात व्यंग, आजार आणि कमतरता यांच्या जोडीला विकासातला विलंबही तपासायचे ठरवले, ही मोठी मजल होती. मात्र संशयित मुलाला पुढे पाठवायचे ते केंद्र जिल्ह्याच्या गावी. अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या आईने दर आठवड्याला वाचा-उपचारासाठी नंदुरबार गाठायचे, तर तिची मजुरी कोण भरून देणार? मोठ्या मुलांचे चित्रही असेच आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला, आणि त्यांच्यासाठीची सेवा आजही बहुतांशी परीक्षेच्या निकालाच्या दिवसांपुरती आठवते.

‘आधी पोट, मग मन’ हे यावरचे सर्वांत वजनदार उत्तर. उपाशी मुलासमोर खुळखुळा वाजवून काय होणार, असे म्हणणाऱ्याची कळकळ खोटी नसते. पण हा क्रम चुकीचा आहे, याचा पुरावा जमैकातून आला. किंग्स्टन शहरातल्या १२९ खुरटलेल्या मुलांवर सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी १९८० च्या दशकात प्रयोग केला. काही मुलांना पूरक दूध-आहार दिला, काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा जाऊन घरगुती खेळण्यांनी मुलाशी कसे खेळायचे हे आईला शिकवत, तर काहींना दोन्ही मिळाले. दोन वर्षांनी दोन्ही मिळालेली मुले निरोगी मुलांच्या जवळ पोहोचली होती. वीस वर्षांनी तपासले, तेव्हा खेळाचा आधार मिळालेल्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक निघाली; नुसत्या आहाराचा असा परिणाम उरलेला नव्हता. याचा अर्थ आहार थांबवा असा मुळीच नाही. पोट आणि मन यांत पहिले-दुसरे असे काही नसते आणि एकाच भेटीत दोन्ही साधता येतात, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. मन मोजायला गेलो तर लहान मुलांवर ‘मतिमंद’, ‘मागासलेला’ असे शिक्के बसतील आणि सेविकेच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर येईल. दोन्ही भीती खऱ्या आहेत. २०२१ मध्ये राज्यातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. डिसेंबर २०२३ मध्ये त्या संपावर गेल्या, कारण त्यांना आजही पगार नाही, मानधन मिळते. २०२२ मध्ये ग्रॅच्युइटीचा हक्क मिळवायला सर्वोच्च न्यायालयापर्यंतची लढाई व्हावी लागली. जिच्याकडे कमी वजनाची मुले जास्त दिसली तिलाच जाब विचारला जातो, ती पुढच्या महिन्यात काटा कसा वाचणार? म्हणून नोंद हवी ती मुलाला वर्गात टाकण्यासाठी नव्हे, घराला मदत पोहोचवण्यासाठी. आणि ती नोंद करणाऱ्या बाईला वेळ हवा.

तो वेळ कुठून येणार, याचे उत्तर कल्पनेतले नाही. तामिळनाडूत ३२० अंगणवाड्यांच्या प्रयोगात त्यांतल्या निम्म्यांमध्ये अर्ध्या दिवसाची एक जादा कार्यकर्ती फक्त शालेयपूर्व शिक्षणासाठी नेमली, तेव्हा शिकवण्याचा वेळ दुपटीच्या आसपास गेला. मुलांचे शिकणे सुधारले, शिवाय मूळ सेविकेला पोषणाकडे लक्ष देता आल्याने तीव्र कुपोषणही घटले. केंद्राने २०२४ मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा काढला आहे, म्हणजे कागदावर तरी कोसबाडचा विचार दिल्लीपर्यंत पोहोचला. महाराष्ट्राने त्याला माणूस जोडायचे ठरवले, तर सुरुवात धारणी, चिखलदरा, धडगाव, भामरागड आणि जव्हार-मोखाड्यापासून करावी. तिथे पहिली दोन वर्षे जादा कार्यकर्ती द्यावी, तिला पगार द्यावा, आणि वाढलेल्या आकड्यांबद्दल तिला नोटीस दिली जाणार नाही, हे शासन निर्णयातच लिहावे.