भेटी बंद असताना : वृद्धाश्रमातील स्मृतिभ्रंशग्रस्त आप्तांची काळजी

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि वृद्धाश्रमांतील भेटी थांबल्या. संसर्ग रोखण्यासाठी निर्बंध आवश्यकच होते. परंतु स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला त्यांचे कारण सांगितले, तरी ते थोड्याच वेळात विस्मरणात जाते; आपले माणूस आले नाही, एवढीच जाणीव उरते. साथीच्या काळात भेटी पुन्हा बंद झाल्यास आपण दुरूनही पुष्कळ करू शकता.

दररोज ठरावीक वेळी, शक्यतो सकाळी, व्हिडिओ कॉल करावा. संध्याकाळी अनेकांचा गोंधळ वाढतो. प्रथम स्वतःचे नाव व नाते सांगावे. ‘मला ओळखलंत का?’ असे विचारून परीक्षा घेऊ नये. पाच-दहा मिनिटे पुरेशी असतात. बोलणे खुंटल्यास परिचित आरती वा भजन म्हणावे. शब्द हरवल्यावरही सूर पुष्कळदा स्मरणात राहतात.

आपले मराठीभाषक आप्त इंदूर, बडोदा वा बंगळूरु येथील संस्थेत असतील, तर आणखी एक दक्षता घ्यावी. या आजारात नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते. ‘पाणी’, ‘दुखतंय’, ‘लघवी’, ‘थंडी’ असे नित्याचे शब्द कर्मचाऱ्यांना त्यांच्या लिपीत अर्थासह लिहून पाठवावेत. मास्कमुळे कर्मचाऱ्यांचे चेहरे झाकले जातात. त्यांनी स्वतःचे मोठे छायाचित्र छातीवर लावावे, अशी विनंती करावी. मास्क काढताना रहिवाशाचे श्रवणयंत्र निघून येते व हरवते, याकडेही लक्ष वेधावे.

सर्वांत महत्त्वाची बाब अशी : स्मृतिभ्रंश सामान्यतः महिन्यांच्या, वर्षांच्या गतीने वाढतो. व्यक्ती एक-दोन दिवसांतच अधिक गोंधळली, अतिशय सुस्त वा अस्वस्थ झाली, तिने अन्नपाणी टाकले किंवा तिला भास होऊ लागले, तर हा तीव्र संभ्रम असू शकतो. कोविड-१९ झालेल्या वृद्धांमध्ये ताप-खोकला नसतानाही हे पहिले लक्षण असू शकते. शरीरातील पाणी कमी होणे, मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा नवे औषध हीदेखील कारणे असतात. ‘कोणी भेटत नाही, म्हणून असे वागतात’ हे स्पष्टीकरण सोयीचे असते; तपासणीपूर्वी ते स्वीकारू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडून तपासणी करून घेण्याचा आग्रह धरावा. केवळ शांत करण्यासाठी झोपेची गोळी मागू नये.

आप्त अत्यवस्थ झाल्यास संरक्षक पोशाखात एका व्यक्तीला भेट मिळेल का, हे संस्थेला आधीच लेखी विचारून ठेवावे.

ज्येष्ठ नागरिक मदतवाहिनी (एल्डरलाइन) : १४५६७. मानसिक आरोग्य सल्ला (टेली-मानस) : १४४१६.