बदलांचं विज्ञान – लेखांक ७ : बोंबील नासतो तेव्हा

मीठ पाण्यात विरघळतं तो बदल भौतिक का, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. मग अन्न नासतं तो कोणता? शाळेत याचं उत्तर एका शब्दात लिहितात: रासायनिक. उत्तर बरोबर आहे. पण राजोडीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात, जिथे मासळी रोजच्या ताटातली, तिथे एवढ्यावर भागत नाही.

बोंबीलच घ्या. अंगात जवळपास ९० टक्के पाणी, चरबी अगदी थोडी. ताजा असतो तेव्हा चकचकीत, गुलाबीसर. उन्हात थोडा वेळ राहिला की लिबलिबीत होतो, कारण त्याच्याच पोटातले पाचक रस त्याच्याच मांसातली प्रथिनं तोडू लागतात. वास येतो तो जीवाणूंमुळे. समुद्रातल्या माशांच्या मांसात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. त्याला वास नसतो. खाऱ्या पाण्यात शरीराचा तोल राखायला तो माशाच्या कामी येतो. मासा मेला की जीवाणू त्यातला ऑक्सिजन काढून घेतात आणि उरतं ट्रायमिथाइलअमाइन. नाकाला झोंबतं ते हेच. एका रेणूचा दुसरा रेणू झाला, म्हणजे बदल रासायनिक. कोकमाचं आगळ किंवा लिंबू लावलं की हा वास दबतो, कारण आम्लाशी मिळून त्याचा क्षार होतो आणि क्षार हवेत उडत नाही. वास गेला म्हणून मासा ताजा झाला असं मात्र नाही.

आता उत्तरेला अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर या. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले दिसतील, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून. ऊन आणि वारा त्यांच्यातलं पाणी नेतात. पाण्याची वाफ होणं हा भौतिक बदल. पाणी पाणीच राहतं, फक्त माशातून हवेत जातं. पण जीवाणूला वाढायला पाणी लागतं. ते मिळेनासं झालं की रासायनिक बदलाची गाडी तिथेच अडते. मला या विषयात सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच: नासणं रासायनिक, पण ते थोपवायचे आपले जुने उपाय बहुतेक भौतिक आहेत. मीठही माशातलं पाणी बाहेर ओढतं. बर्फाचा उपायही भौतिकच. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो, आणि ० अंशाजवळ जीवाणूंची वाढ आणि पाचक रसांचं काम दोन्ही मंदावतात. म्हणून पाटीतल्या मासळीवर बर्फाचा चुरा वितळताना दिसला तर तो वाया चालला असं समजू नका. वितळतोय म्हणूनच तो काम करतोय.

आगोटीला भरून ठेवलेले सुके बोंबील पावसाळ्यात सादळतात, हेही भौतिकच. हवेतला ओलावा आत शिरतो. पण तेवढ्याने बुरशीला वाट मिळते आणि थांबलेलं रसायन पुन्हा सुरू होतं. उघडीप मिळाली की सुकी मासळी परत उन्हात काढतात ती यासाठीच. तारलीसारख्या तेलकट माशाला मात्र वाळवणं पुरत नाही. त्याच्या चरबीवर हवेतला ऑक्सिजन थेट काम करतो आणि मासा खवट होतो. त्यासाठी जीवाणूही लागत नाही.

आणि बांगड्याबाबत एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बांगडा बर्फाविना राहिला, तर काही जीवाणू त्याच्या मांसातल्या हिस्टिडीनचं हिस्टामिन करतात. असा मासा दिसायला, वासाला ठीकही वाटू शकतो. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंडात जळजळ, चेहरा लालबुंद, डोकं ठणकणं, अंगावर पित्त उठल्यासारखे चट्टे. जीवाणू उष्णतेने मरतात, पण तयार झालेलं हिस्टामिन कालवण कितीही उकळलं, तुकडी कितीही खरपूस तळली तरी टिकून राहतं. फ्रीजमध्ये ठेवूनही ते कमी होत नाही. थंडीने फक्त नवं तयार होणं मंदावतं. म्हणून बांगडा घेताना तो बर्फावर होता का, हे आधी विचारा, भाव नंतर.

पुढच्या आठवड्यात वसईची सुकेळी. राजेळी केळं पिकतं तेव्हा त्यातल्या पिठूळ स्टार्चची साखर होते, म्हणजे तोही रासायनिक बदलच. मग त्याला आपण नासणं का म्हणत नाही, ते पाहू.