औंढ्याच्या ओट्यावरचा प्रश्न

लोणावळ्याजवळच्या औंढे गावात मागच्या महिन्यात एका कार्यकर्त्याच्या घरी जाणे झाले. संध्याकाळी ओट्यावर दहाबारा तरुण जमले होते. त्यात लोणावळा-पुणे लोकलने रोज ये-जा करणारा, राज्यशास्त्रात एम. ए. करणारा एक मुलगा होता. चहा झाल्यावर त्याने विचारले, "सर, आम्हाला वांशिक राजकारण आणि संघर्ष शिकवतात. त्यात युगोस्लाव्हिया आहे, रवांडा आहे, चेचन्या आहे. तिश्कोव्ह नावाच्या रशियन अभ्यासकावर टिपण लिहायला सांगितले आहे. या विषयावर आपल्यापैकी कोणी काहीच लिहिले नाही का?"

प्रश्न प्रामाणिक होता. त्या मुलाच्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे, १४ एप्रिलला तो मिरवणुकीत पुढे असतो. तरीही या विषयाशी बाबासाहेबांचे नाव जोडावे, असे त्याला सुचले नाही. दोष त्याचा नाही. विद्यापीठांनी बाबासाहेबांना 'घटनेचे शिल्पकार' आणि 'दलितांचे कैवारी' या दोन खणांत बंद करून ठेवले आहे, आणि आपणही ते खण उघडायच्या भानगडीत पडलो नाही. मी त्याला म्हटले, "बाळा, या विषयावर ज्यांनी हयातभर लिहिले त्यांचा बंगला तुझ्याच तालुक्यात, तळेगाव दाभाड्याला आहे."

आधी त्या रशियन अभ्यासकाविषयी. व्हॅलेरी तिश्कोव्ह यांचा जन्म १९४१ चा. मुळात ते कॅनडा-अमेरिकेच्या इतिहासाचे अभ्यासक. १९८९ मध्ये ते मॉस्कोच्या मानववंशशास्त्र संस्थेचे संचालक झाले आणि २०१५ पर्यंत त्या पदावर राहिले. १९९२ मध्ये काही महिने रशियाच्या सरकारात राष्ट्रीयत्वांच्या प्रश्नाचे मंत्रिपदही त्यांच्याकडे होते. म्हणजे पुस्तकात लिहिलेले प्रत्यक्षात आणण्याची संधी मिळालेला, आणि ती किती तोकडी असते याचा अनुभव घेतलेला हा माणूस. त्यांचे मुख्य सांगणे असे की, वंश किंवा जमात ही रक्तातून आलेली वस्तू नव्हे. ती राज्यसत्ता, पुढारी आणि पंडित मिळून घडवतात. याचे ठळक उदाहरण म्हणजे सोव्हिएत पासपोर्ट. १९३२ पासून त्या अंतर्गत पासपोर्टात प्रत्येकाचे राष्ट्रीयत्व लिहिले जाई : रशियन, तातार, आर्मेनियन, ज्यू. सोळाव्या वर्षी आईचे किंवा बापाचे राष्ट्रीयत्व घ्यायचे, तिसरी वाट नाही. त्या एका ओळीवर नोकरी, प्रवेश, बढती अडत असे. साम्राज्य फुटले तेव्हा याच ओळी परस्परांविरुद्ध उभ्या राहिल्या, असे तिश्कोव्ह यांचे म्हणणे. १९९७ च्या नव्या रशियन पासपोर्टातून ती ओळ काढण्यात आली, तेव्हा तातारस्तानसारख्या प्रदेशांनी उलट विरोध केला : आमची ओळखच पुसता काय?

याच विषयातल्या दुसऱ्या अभ्यासक गॅलिना स्तारोव्हायतोव्हा. लेनिनग्राडमध्ये राहणाऱ्या तातार, आर्मेनियन, एस्टोनियन लोकांवर त्यांनी अभ्यास केला. स्वतः रशियन असूनही १९८९ मध्ये आर्मेनियातल्या मतदारांनी त्यांना निवडून दिले. २० नोव्हेंबर १९९८ रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये राहत्या इमारतीच्या जिन्यात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. दाभोलकर आणि पानसरे यांच्या महाराष्ट्राला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता आपल्याकडे वळू. ९ मे १९१६. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांचे मानववंशशास्त्राचे चर्चासत्र. हे गोल्डनवायझर १८८० मध्ये कीव्ह शहरात जन्मलेले. कीव्ह तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज युक्रेनची राजधानी आहे. (त्यांना रशियन म्हणावे की युक्रेनियन, हाच एक वांशिक राजकारणाचा प्रश्न! ते तर ज्यू कुटुंबातले.) अमेरिकेत फ्रान्झ बोआस यांच्या हाताखाली ते तयार झाले. वंशावरून माणसाची लायकी ठरत नाही, हे बोआस त्या काळात छातीठोकपणे सांगत होते. या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींविषयीचा निबंध वाचला. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला.

त्या निबंधाचे धाडस आज आपल्या लक्षात येत नाही. तेव्हा जातीवर अधिकारवाणीने बोलणारे रिस्ले, नेसफिल्ड, सेनार्ट हे सगळे युरोपीय. आपल्यातले केतकर, त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातून पदवी घेऊन १९०९ मध्ये जातींच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला होता. बाबासाहेबांनी केतकरांचे श्रेय मान्य केले आणि तरीही त्यांच्यापुढे पाऊल टाकले. रिस्लेसाहेब नाकाची मापे घेऊन जाती लावत होते. हा तरुण विद्यार्थी म्हणाला की, युरोपीय पंडित स्वतःच वर्णद्वेषाने भारलेले असल्यामुळे त्यांना सगळीकडे रंगच दिसतो. जातीचे मूळ रंगात नाही, वंशात नाही. ते जातीबाहेर लग्न न करण्याच्या बंधनात आहे. ते बंधन टिकवण्यासाठी बाईला जाळले, विधवा करून कोपऱ्यात बसवले, पाळण्यात लग्न लावले. संघर्षाचे मूळ रक्तात न शोधता त्या व्यवस्थेच्या यंत्रणेत शोधणे, ही पद्धत तिथून सुरू झाली. तिश्कोव्ह यांच्या जन्माला अजून पंचवीस वर्षे होती!

पुढे १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले की, पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे; मद्रासचा ब्राह्मण आणि तिथला अस्पृश्य एकाच वंशाचे. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी शरीरमापनाचे तक्ते घेऊन वंशसिद्धांताची उरलीसुरली हवाही काढून घेतली.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण तिचा गैरवापर झालेला आहे. २००१ मध्ये डर्बनला संयुक्त राष्ट्रांची वंशवादविरोधी परिषद झाली. जातीचा प्रश्न तिथे नेण्यासाठी दलित संघटनांनी जिवाचे रान केले. तेव्हा भारत सरकारने पवित्रा घेतला की, जात म्हणजे वंश नव्हे, सबब हा विषय इथला नाही. वाक्य बाबासाहेबांचेच वाटावे असे, पण हेतू नेमका उलटा! बाबासाहेबांनी जात हा वंश नाही असे म्हटले, कारण वंश निसर्गाने दिला अशी सबब सांगता येते, जात मात्र माणसानेच केली आहे. ती करणाऱ्याला जाब विचारता येतो आणि ती मोडताही येते. सरकारने तेच वाक्य जाब टाळण्यासाठी वापरले. १९६५ च्या आंतरराष्ट्रीय करारात 'जन्मकूळ' हा शब्द आहेच, आणि त्यात जातही येते, असे संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००२ मध्ये स्पष्ट केले.

संघर्षाचा अभ्यास म्हणजे नुसता सिद्धांत नव्हे, हिशेबही आला. १९४० मध्ये 'थॉट्स ऑन पाकिस्तान' निघाला. त्यावर लोक आजही एकेक वाक्य उपटून भांडतात. ग्रंथ वाचणारे थोडे. त्यात दंग्यांचा वर्षवार जमाखर्च आहे. एकट्या मुंबई शहरात फेब्रुवारी १९२९ ते एप्रिल १९३८ या काळात २१० दिवस हिंदू-मुसलमानांची चकमक चालू होती. त्यात ५६० माणसे मेली, ४५०० जखमी झाली, ही नोंद त्यातलीच. तुर्कस्तान आणि चेकोस्लोव्हाकिया कसे फुटले, ग्रीस-तुर्कस्तान-बल्गेरिया यांनी लोकसंख्येची अदलाबदल कशी केली, हेही त्यांनी तपासले आहे. म्हणजे आज ज्याला तौलनिक अभ्यास म्हणतात, तो.

६ मे १९४५ रोजी मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात त्यांनी जातीय पेचावर तोडगा मांडला. मध्यवर्ती कायदेमंडळात हिंदूंना ४०, मुसलमानांना ३२, अनुसूचित जातींना २० टक्के जागा, उरलेल्या शीख, ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन यांना. हिंदू लोकसंख्येने निम्म्याहून अधिक असताना ४० टक्केच का? कारण कोणत्याही एका समाजाला एकट्याच्या बळावर राज्य करता येऊ नये. त्याला दुसऱ्याचा हात धरावाच लागावा. राजकीय बहुमत निवडणुकीगणिक बदलते, पण जमातीचे बहुमत जन्मतःच ठरलेले असते, ते कधी हरत नाही. या दोहोंतला फरक ज्याला कळत नाही त्याला लोकशाही कळली नाही, हा त्यामागचा विचार. श्रीलंका, युगोस्लाव्हिया जळाल्यावर जगातले पंडित याच निष्कर्षावर चर्चासत्रे भरवू लागले.

आणि १९५५ चे भाषिक राज्यांवरील पुस्तक तर थेट आपल्या घरचे. भाषावार प्रांतरचनेला विरोध न करता बाबासाहेबांनी इशारा दिला की, प्रत्येक भाषिक राज्यात एक मोठी जमीनदार जात असते, आणि गावोगाव विखुरलेले छोटे समाज तिच्या दयेवर राहतात. महाराष्ट्रात मराठे, आंध्रात रेड्डी आणि कम्मा, अशी नावे घेऊन ते लिहितात. महाराष्ट्राची चार राज्ये करा, दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ करा, असे उपाय त्यांनी सुचवले. कोणी ऐकले नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या गावागावांत बौद्धांची घरे पेटली. वर्तमानपत्रांनी त्याला 'दंगल' म्हटले. दंगलीला दोन बाजू लागतात! एका बाजूला जमीन, पाणी, पाटीलकी आणि दुसऱ्या बाजूला गावाबाहेरची वस्ती असेल, तर त्याला हल्ला म्हणतात. नामांतर व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले.

दुसरे हत्यार बहिष्कार. मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सदस्य होते. तिच्या १९३० च्या अहवालात सामाजिक बहिष्काराचे वर्णन आहे : काम बंद, पाणी बंद, दुकान बंद, रस्ता बंद. १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी हा गुन्हा ठरवण्याची कलमे लिहून दिली. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला २०१६ मध्ये, आणि तो अमलात आला २०१७ मध्ये. सत्तर वर्षे!

एव्हाना तो मुलगा वहीत लिहू लागला होता. त्याने मधेच अडवले : "सर, तिश्कोव्ह म्हणतात पासपोर्टातली ओळ काढा. मग आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची जातही काढावी का? कॉलेजात सगळे हेच म्हणतात."

खरा मुद्दा इथे होता. कागदावरची ओळ माणसाला डांबून ठेवते, हे तिश्कोव्ह यांचे निरीक्षण बरोबर आहे. पण सोव्हिएत पासपोर्टातली ओळ सत्तेने वरून लादली होती. आपल्याकडे जात दाखल्यावर लिहिण्याच्या कितीतरी शतके आधी ती पाणवठ्यावर, मसणवट्यात आणि लग्नाच्या बैठकीत लिहिलेली होती. दाखल्यावरून ती पुसली तर पाणवठ्यावरून पुसली जाईल काय? १९५१ च्या जनगणनेत जातींचे तक्ते गाळले गेले तेव्हा बाबासाहेब गप्प बसले नाहीत. १९५५ च्या त्याच पुस्तकात त्यांनी गृहमंत्र्यांच्या बुद्धीची कीव केली आहे. शब्दकोशात शब्द नसला म्हणजे ती वस्तूच जगात नाही, असे मानण्यासारखे हे आहे, अशा आशयाचा टोला त्यांनी हाणला. ज्या बाबासाहेबांना जातीचे निर्मूलन हवे होते, त्याच बाबासाहेबांना जातीची मोजणीही हवी होती. यात विसंगती वाटणाऱ्यांनी डॉक्टरकडे जाऊन ताप मोजू नका पण बरा करा, असे सांगून पाहावे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने पुढच्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय जाहीर केला, म्हणजे बाबासाहेबांच्या त्या टीकेनंतर सत्तर वर्षांनी. मोजणी कशी होते, आकडे बाहेर कधी येतात आणि कोणाच्या हाती राहतात, याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल.

मुलगा म्हणाला, "हे सगळे कुठे मिळेल?" भारतातील जाती, जातिनिर्मूलन, १९४५ चे भाषण, १९४७ चा मसुदा आणि भाषिक राज्ये, हे सारे महाराष्ट्र शासनाच्या 'रायटिंग्ज अँड स्पीचेस' मालिकेच्या पहिल्याच खंडात आहे, वसंत मून यांनी १९७९ मध्ये तो संपादित केला. पाकिस्तानवरचा ग्रंथ आठव्या खंडात. पण खंड मिळणे ही वेगळीच लढाई. या प्रकाशनाची गाडी इतकी रुतली की, २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला वर्तमानपत्रातली बातमी वाचून स्वतःहून दखल घ्यावी लागली.

"इंग्रजी आहे ना सर?" कोणीतरी मागून विचारले. होय, इंग्रजी आहे. मराठी अनुवाद आहेत, खासगी प्रकाशकांचे, काही बरे, काही घाईचे. मी माझ्याजवळचा पहिला खंड त्या मुलाकडे ठेवून आलो. भाषिक राज्यांवरचा भाग तो आधी वाचणार आहे आणि पंधरा दिवसांनी त्याच ओट्यावर इतरांना मराठीत सांगणार आहे. तिश्कोव्हवरचे टिपण त्याला त्याआधी द्यायचे होते. त्यात बाबासाहेबांचे एक पान जोडले तर गुण कापतील का, असे त्याने निघताना विचारले. मी म्हटले, कापले तर मला कळव.