गाळाला घातलेलं कुलूप

१९९१च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातल्या बारवन-डार्लिंग नदीचा सुमारे १,००० किलोमीटरचा पट्टा नीलहरित शेवाळानं व्यापला आणि न्यू साउथ वेल्समध्ये आणीबाणी जाहीर करावी लागली. ते पाणी गुरांना पाजण्याच्याही लायकीचं उरलं नव्हतं. यात स्फुरदाचा हात असतो, हे तोवर पक्कं ठाऊक होतं. १९७३ साली कॅनडात एका सरोवराच्या मधोमध पडदा टाकून एका बाजूला कार्बन आणि नत्र, तर दुसऱ्या बाजूला त्यांच्या जोडीला स्फुरद घातलं होतं. शेवाळ माजलं ते दुसऱ्या बाजूला.

अडचण वेगळीच होती. सांडपाणी अडवलं तरी तळाच्या गाळात वर्षानुवर्षं साठलेलं स्फुरद उन्हाळ्यात, खालचा प्राणवायू संपला की, पुन्हा वर येतं. तुरटीसारखे क्षार घालून ते खाली बसवण्याची रीत जुनी, पण त्यानं पाणी आम्ल होण्याची धास्ती.

नव्वदच्या दशकात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत ग्रँट डग्लस बेंटोनाइट मातीकडे वळले. या मातीच्या पापुद्र्यांवर ऋणभार असतो, म्हणून ते कॅल्शियम, सोडियम धरून ठेवतात. आपल्या काळ्या मातीतलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिजही हेच करतं. पाण्यात स्फुरद ज्या रूपात असतं ते फॉस्फेट मात्र स्वतःच ऋणभारित, त्यामुळे नुसती माती त्याला फारशी धरत नाही. डग्लस यांनी पापुद्र्यांत लँथॅनम हा धातू बसवला. त्याची फॉस्फेटशी गाठ पडली की पाण्यात जवळपास न विरघळणारं खनिज तयार होतं. लोहानं धरलेलं स्फुरद प्राणवायू संपताच सुटतं, हे सुटत नाही. सगळी खुबी इथेच आहे. मातीत लँथॅनम वजनानं जेमतेम ५ टक्के. पुढे ‘फॉसलॉक’ नावानं ती विकली जाऊ लागली.

नेदरलँड्समधल्या राउब्राकेन या पोहण्याच्या तळ्यात २००८च्या एप्रिलमध्ये आधी शेवाळाचे पुंजके करून ते बुडवले, मग वरून ही माती टाकली. पुढची काही वर्षं पाणी नितळ राहिलं. अशा यशाच्या बातम्या फार लवकर जाहिराती होतात. ही माती घातलेल्या १८ तळ्यांचा एकत्रित आढावा २०१६ साली आला; स्फुरद सर्वसाधारणपणे उतरलं होतं, पण सगळीकडे सारखं नाही. कुजलेल्या पाल्यापाचोळ्याच्या अर्कानं तपकिरी झालेल्या पाण्यात तोच अर्क लँथॅनम अडवून ठेवतो. माशांच्या शरीरातही लँथॅनम सापडलं आहे. आणि नायट्रेटवर या मातीचा इलाज नाही.

माझ्या मते खरी मेख हिशेबात आहे. एक किलो स्फुरद धरायला साधारण १०० किलो माती लागते. माणसाच्या मलमूत्रातून रोज दीड-दोन ग्रॅम स्फुरद बाहेर पडतं. म्हणजे सहाशे वस्तीच्या गावाचं सांडपाणी प्रक्रियेविना तळ्यात येत असेल, तर दिवसाला १०० किलो माती हवी, वर्षाला ३६ टनांहून जास्त. गाळातल्या जुन्या साठ्यावर ती घालावी. रोजच्या नाल्यापुढे नव्हे.