म्हातारा कुत्रा अचानक घरात लघवी करू लागला तर

घरात आठ-दहा वर्षे शिस्तीत राहिलेला कुत्रा एके दिवशी झोपल्या जागी लघवी करतो, दिवाणखान्यात ओले करतो किंवा चालता चालता थेंब सांडतो. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मालकांशी बोलताना मला तीन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. ‘आता वय झालं त्याचं’, ‘मुद्दाम करतो, म्हणून दोन रट्टे दिले’ आणि ‘संध्याकाळनंतर पाणीच बंद केलंय’. या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि तिसरी तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

म्हातारपण हा रोग नव्हे. वयामुळे काही विकारांची शक्यता वाढते एवढेच. वर्षानुवर्षे पाळलेली सवय अचानक मोडली, तर बहुतेक वेळा त्यामागे शारीरिक कारण असते आणि त्यातील बरीच कारणे उपचारांनी बरी होतात किंवा आटोक्यात राहतात. त्यासाठी आधी लघवी ‘कशी’ होते, हे नीट पाहिले पाहिजे.

लघवी कशी रोखली जाते?

मूत्रपिंडे लघवी तयार करतात, मूत्राशय ती साठवते आणि मूत्रमार्गाच्या तोंडाशी असलेला स्नायू ती अडवून धरतो. मूत्राशय भरल्याचा निरोप पाठीच्या कण्यातून मेंदूकडे जातो आणि ‘आता थांब, बाहेर गेल्यावर’ हा हुकूम त्याच वाटेने परत येतो. यातील कुठलाही दुवा बिघडला तरी फरशी ओली होते. पण प्रत्येक बिघाडाची खूण वेगळी असते.

खुणा ओळखा

झोपेतून उठल्यावर अंथरूण ओले, मात्र जागेपणी लघवी व्यवस्थित, असे असेल तर अडवणारा स्नायू सैल पडलेला असतो. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्या, विशेषतः मोठ्या चणीच्या कुत्र्यांच्या माद्यांत हे अधिक आढळते. शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनीही हा त्रास सुरू होऊ शकतो. कुत्रीला आपण ओले केल्याचे कळतसुद्धा नाही. स्नायूला बळ देणाऱ्या गोळ्यांनी अशा बऱ्याच कुत्र्यांना चांगला गुण येतो.

पाणी फार पिणे आणि भरपूर लघवी होणे, ही दुसरी खूण. इथे मूत्राशय ठीक असते, पण लघवीच इतकी तयार होते की ती धरवत नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, काही ग्रंथींचे विकार आणि शस्त्रक्रिया न झालेल्या कुत्रीत गर्भाशयात पू होणे, ही त्याची प्रमुख कारणे. खाजेसाठी दिलेली स्टिरॉइडची औषधे किंवा हृदयविकारासाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांमुळेही असे होते. मात्र ही औषधे आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. डॉक्टरांना विचारूनच बदल करावा.

वारंवार बसणे, थोडी थोडी लघवी होणे, कुंथणे, लघवीत रक्त दिसणे ही तिसरी खूण. याला आपण ‘उन्हाळी लागली’ म्हणतो आणि धण्याचे पाणी, सब्जा देत दिवस घालवतो. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मुतखडा, मूत्राशयातील गाठ किंवा नर कुत्र्यात प्रोस्टेट ग्रंथीचा विकार यामागे असू शकतो. काही प्रकारचे खडे विशेष आहाराने विरघळतात, काहींना शस्त्रक्रियाच लागते. कोणता खडा आहे, हे तपासणीशिवाय सांगता येत नाही.

मागचे पाय लडखडणे, पंजा उलटा पडणे, पाठीला हात लावताच कळवळणे आणि त्यासोबत लघवी सुटणे, ही चौथी खूण. मणक्यांमधील चकती सरकून मज्जारज्जूवर दाब आला की असे होते. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या जातींत हे अधिक दिसते. इथे प्रत्येक तास मोलाचा असतो.

पाचवी खूण मेंदूच्या वार्धक्याची. कुत्रा घरातच वाट चुकतो, कोपऱ्यात उभा राहतो, रात्री जागतो, ओळखीच्या माणसांकडे पाहत नाही आणि बाहेर फिरवून आणल्यावर घरात येऊन लघवी करतो. मात्र इतर कारणे तपासून बाजूला काढल्यावरच हे निदान करायचे असते.

पाणी का तोडू नये?

मधुमेहाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्याची लघवी आधी वाढते आणि ती भरून काढण्यासाठी तो पाणी पितो. पाणी तोडले तरी लघवी होतच राहते आणि शरीर आतून कोरडे पडते. माझ्याकडे एका कुटुंबाने नऊ वर्षांची पॉमेरेनियन कुत्री आणली होती. घरात ओले करते म्हणून आठवडाभर रात्रीचे पाणी बंद होते. तपासणीत गर्भाशयात पू निघाला. तातडीने शस्त्रक्रिया झाली आणि कुत्री वाचली, पण तोवर ती इतकी सुकली होती की आधी सलाइन देऊन तिला सावरावे लागले. माज येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत कुत्री पाणी फार पिऊ लागली, जेवेनाशी झाली, तर वाट पाहू नका.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी

एक दिवस पाणी मोजा. सकाळी मापाने पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी उरलेले वजा करा. निरोगी कुत्रा दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी पितो. म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याला पाऊण ते एक लिटर पुरते. तो दीड लिटरच्या पुढे जात असेल तर ते नक्कीच जास्त आहे. सकाळची पहिली लघवी स्वच्छ वाटीत किंवा काठीला बांधलेल्या डावात धरा, स्वच्छ कोरड्या बाटलीत भरा आणि तास-दोन तासांत पोहोचवा. चालू असलेल्या सर्व औषधांची नावे लिहून न्या. लघवी, रक्तातील साखर आणि मूत्रपिंडाची तपासणी एवढ्यावरही बरेच काही उलगडते. सोनोग्राफी किंवा एक्स-रे गावात होत नसेल, तर मुंबई, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांकडे चौकशी करावी.

कुत्रा कुंथतो आहे पण लघवी होत नाही किंवा नुसते थेंब गळतात आणि पोट टणक लागते, तर ती लघवी तुंबल्याची खूण आहे. अशा वेळी मोजमापात दिवस घालवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच देऊ नका. त्यांनी कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला गंभीर इजा होते.

घरातील निगा

उपचारांचा गुण येईपर्यंत लहान मुलासारखी व्यवस्था ठेवावी. खाली मेणकापड, वर जुनी गोधडी किंवा सुती साडीच्या घड्या. ओले होताच बदलावे. पहाटे, जेवणानंतर आणि निजण्यापूर्वी बाहेर न्यावे. गुळगुळीत फरशीवर पोते किंवा चटई अंथरावी, कारण पाय घसरतो म्हणून उठण्याचे टाळणारे कुत्रेही जागीच लघवी करतात. मागच्या भागाचे केस बारीक कापा, कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा. ओलसर कातडी सोलवटते आणि पावसाळ्यात माश्या बसून तिथे अळ्या पडायला वेळ लागत नाही. कुत्रा चाटतो, म्हणून झिंकचे मलम किंवा बोरिक पावडर लावू नये.

लेप्टोस्पायरोसिसचे जंतू कुत्र्याच्या लघवीतून माणसाला लागू शकतात. पुसताना रबरी हातमोजे घाला, हातावर जखम असल्यास विशेष जपा. कुत्र्याला या रोगाची लस दरवर्षी टोचून घ्यावी.

रागावून कुत्र्याला अंगणात साखळीने बांधणारे किंवा दूर नेऊन सोडून देणारेही आहेत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार पाळीव जनावराला पुरेसे पाणी न देणे आणि विनाकारण टाकून देणे हे गुन्हे आहेत. पण कायद्याचा धाक दाखवण्याची वेळ येऊ नये. ज्याने दहा वर्षे दार राखले, त्याला मार दिल्याने त्याचा स्नायू घट्ट होत नाही आणि साखरही उतरत नाही. तो फक्त घाबरून आडोशाला लघवी करू लागतो आणि आपल्याला दिसू शकली असती ती खूण लपून राहते.